वल्ह्याचा मान : फिलाडेल्फियाचे केली व तळेगावचे भोकनळ

यंदाच्या स्मरणिकेसाठी मंडळाने आमच्याकडे खेळांच्या इतिहासावर लेख मागितला, तेव्हा कबड्डी, कुस्ती आणि क्रिकेट असे तीन विषय सुचविण्यात आले. वरळी कोळीवाड्यात या तिन्ही खेळांच्या षौकिनांना तोटा नाही, आणि त्यांवर आमच्यापेक्षा अधिकाराने लिहिणारेही पुष्कळ आहेत. परंतु ज्या खेळाचे मुख्य साधन आमच्या वाडवडिलांच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या भिंतीला टेकून उभे असे, त्या खेळाविषयी या पानांत कधी काही आल्याचे आम्हांस आठवत नाही. ते साधन म्हणजे वल्हे. होड्यांना यंत्रे लागल्यापासून वल्ह्याचा उपयोग खाडीच्या तोंडाशी होडी फिरविण्यापुरता उरला आहे. तरी आमच्या घराण्यांची ओळख ज्या हत्याराने झाली ते हेच. म्हणून आम्ही वल्हे हाच विषय घेतला.

वृत्तपत्रांत या खेळाला नौकानयन म्हणतात. तरुण मंडळी रोइंग म्हणतात. १८९६ साली अथेन्स येथे पहिले आधुनिक ऑलिंपिक भरले, त्यात या शर्यती व्हावयाच्या होत्या, परंतु वारा व लाटा यांमुळे त्या रद्द कराव्या लागल्या. हे वाचून आपल्या तांडेलांना हसू आल्यावाचून राहणार नाही. १९०० पासून मात्र त्या होत आल्या आहेत. आजचे अंतर दोन हजार मीटर. आपल्या डोळ्यांसमोरच्या वांद्रे-वरळी सागरी सेतूची लांबी साडेपाच किलोमीटरांहून थोडी जास्त आहे. तिचा एक तृतीयांशाहून किंचित अधिक भाग म्हणजे ही शर्यत. एकट्याने वल्हवावयाची नाव सुमारे आठ मीटर लांब असते आणि तिचे वजन नियमाप्रमाणे किमान चौदा किलो. आपल्या मावश्या डोक्यावरून नेतात ती भरलेली पाटी याहून जड असते. आसन चाकांवर मागेपुढे सरकते. त्यामुळे दंडांपेक्षा मांड्यांचा जोर अधिक लागतो. वल्हेकऱ्याची पाठ जाण्याच्या दिशेकडे असते. असली नाव आमच्या बंदरात घातली तर पहिल्याच लाटेला पालथी होईल. ती नदीची, तळ्याची, संथ पाण्याची वस्तू आहे, आणि हा खेळ आपला नव्हे असे आमच्या लोकांना वाटते त्याचे एक कारण हे असावे. दुसरे कारण पाण्यात नाही, कागदावर आहे. ते सांगण्यासाठी थोडे मागे आणि दूर जावे लागेल.

लंडन शहरातील टेम्स नदीवर जेव्हा पूल थोडे होते, तेव्हा माणसांना पैलतीरी पोचविण्याचा धंदा करणारे नावाडी तेथे मोठ्या संख्येने होते. मजुरी घेऊन वल्हविणारी ही माणसे. आपापसांत पैजा लावून ती शर्यती करीत. १७१५ साली टॉमस डॉगेट नावाच्या एका नटाने, उमेदवारी नुकतीच पुरी केलेल्या तरुण नावाड्यांसाठी एक कोट आणि एक चांदीचा बिल्ला अशा बक्षिसाची शर्यत सुरू केली. ती शर्यत अजूनही चालू आहे. म्हणजे वल्ह्याच्या शर्यतीचा खेळ इंग्लंडात जन्मला तो पोटासाठी वल्हे मारणाऱ्यांच्या हातून. पुढे विद्यापीठांतील व शाळांतील श्रीमंतांच्या मुलांना तो आवडला, आणि त्यांनी तो याच नावाड्यांकडून शिकून घेतला. १८३९ मध्ये टेम्सकाठच्या हेन्ली या गावी वार्षिक शर्यती सुरू झाल्या व काही वर्षांतच तेथे जिंकणे हा वल्हेकऱ्याचा सर्वांत मोठा मान ठरला.

आता गुरू आणि शिष्य एकाच पाण्यात उतरू लागले, तेव्हा शिष्यांना गुरूंची अडचण वाटू लागली. १८७९ मध्ये हेन्लीच्या व्यवस्थापकांनी हौशी वल्हेकरी कोणास म्हणावे याची व्याख्या केली. पैशाच्या बक्षिसासाठी शर्यतीत उतरलेला मनुष्य हौशी नव्हे, एवढेच म्हटले असते तर त्यात गैर नव्हते. परंतु होड्यांवर वा होड्यांसंबंधी कामावर मजुरी घेऊन राबलेला मनुष्यही हौशी नव्हे, आणि कारागीर, मजूर, हाताने काम करून वेतन घेणारा असा कोणीही हौशी नव्हे, असेही त्यात आले. मजुरीने अंगात आलेली ताकद हा इतरांवर अन्याय आहे, असे समर्थन केले जाई.

सुज्ञ वाचकांनी क्षणभर कल्पना करावी, की आपल्यापैकी एखाद्याच्या पणजोबांनी त्या काळी हेन्लीला अर्ज पाठविला आहे. होडीवर वाटा घेऊन काम केले, म्हणून बाद. जाळी ओढली, म्हणून बाद. सणाच्या दिवशी पैज लावून होडी पळविली असेल, तर तिसऱ्यांदा बाद. आणि ज्यांना वल्हे धरायला शिकवावे लागे ते मात्र आत. नियमात जात, वंश असा एकही शब्द नव्हता. कोणाला दाराबाहेर ठेवायचे असेल तर त्याच्या जातीचे नाव घ्यावे लागत नाही, धंद्याचे घेतले तरी पुरते. हे आपल्या वाचकांना आम्ही नव्याने सांगावे असे नाही.

या नियमाचा प्रसाद ज्यांना मिळाला त्यांत सर्वांत प्रसिद्ध ठरले ते जॉन ब्रेंडन केली. त्यांना सारे जॅक केली म्हणत. त्यांचा जन्म ४ ऑक्टोबर १८८९ रोजी अमेरिकेतील फिलाडेल्फिया शहरी झाला. आईबाप आयर्लंडमधून पोटासाठी आलेले. घरात दहा मुले. वडील गिरणीत कामाला. गिरणगावाच्या शेजारी राहिलेल्या आम्हां लोकांना हे घर परके वाटू नये. जॅक लहानपणीच कामाला लागले व पुढे थोरल्या भावाच्या बांधकामावर गवंड्याचे, विटा रचण्याचे काम शिकले. दिवसभर विटा आणि संध्याकाळी शहरातून वाहणाऱ्या स्कूलकिल नदीवर वल्हे, असा क्रम होता. पहिल्या महायुद्धात ते सैन्यात होते, आणि तेथे मुष्टियुद्धही खेळले. युद्धावरून परत आल्यावर एकट्याच्या शर्यतींत त्यांना अमेरिकेत प्रतिस्पर्धी उरला नाही. ओळीने १२६ शर्यती जिंकल्याचे त्यांच्या नावावर सांगितले जाते.

१९२० च्या उन्हाळ्यात त्यांनी हेन्लीच्या डायमंड स्कल्स या एकट्याच्या शर्यतीसाठी अर्ज केला. जाण्याची तयारी झाली असता नकार आला. कारणे दोन होती. त्यांच्या व्हेस्पर बोट क्लबावर, १९०५ मध्ये हेन्लीला जाण्यासाठी लोकवर्गणी जमविल्याच्या आरोपावरून, आधीच बंदी होती. आणि केली हे स्वतः हाताने मजुरी केलेले गृहस्थ होते. पहिले कारण तांत्रिक, दुसरे मर्मी लागणारे. पुढे आयुष्यभर केलींनी बोलून दाखविले ते दुसरेच. इतिहासाला धरून बोलायचे तर दोन्ही कारणे सांगितली पाहिजेत, आणि आम्ही ती सांगितली. परंतु दोहोंपैकी कोणते माणसाच्या छातीत रुतून बसते हे समजण्यास इतिहासकार असण्याची गरज नाही.

त्या वर्षी हेन्लीची ती शर्यत जॅक बेरेसफर्ड या इंग्रज तरुणाने जिंकली. गंमत अशी, की बेरेसफर्ड यांचे घराणेही लाकूडकामाच्या धंद्यातले. वडिलांचा फर्निचरचा कारखाना होता व पुढे मुलगाही त्याच धंद्यात शिरला. कारखाना मालकीचा असला की लाकूड चालते, आणि दुसऱ्याच्या भिंतीवर विटा ठेवल्या की चालत नाही, असा तो न्याय होता. बेरेसफर्ड यांचा यात काही दोष नव्हता. ते फार मोठे वल्हेकरी होते. १९२० ते १९३६ अशा ओळीने पाच ऑलिंपिकमध्ये त्यांनी पदके मिळविली.

हेन्लीनंतर थोड्याच आठवड्यांत बेल्जममध्ये अँटवर्पचे ऑलिंपिक झाले. वल्ह्याच्या शर्यती ब्रुसेल्सजवळच्या एका कालव्यावर होत्या. काठावर कारखाने, पाणी काळे. अंतिम शर्यतीत केली आणि बेरेसफर्ड समोरासमोर आले. बेरेसफर्ड बराच वेळ पुढे होते; शेवटच्या टप्प्यात केलींनी त्यांना गाठले आणि एका सेकंदाने मागे टाकले. ७ मिनिटे ३५ सेकंद विरुद्ध ७ मिनिटे ३६ सेकंद. हस्तांदोलन करण्याइतकेही त्राण दोघांत उरले नव्हते, असे म्हणतात. त्यानंतर अर्ध्या तासाच्या सुमारास केली आपले चुलतभाऊ पॉल कॉस्टेलो यांच्याबरोबर दुहेरी शर्यतीला बसले आणि तीही जिंकली. शर्यतीच्या वेळची आपली हिरवी टोपी त्यांनी इंग्लंडच्या राजाकडे पाठवून दिली, अशी कथा पुढे प्रचलित झाली. ती खरी असो वा नसो, सांगणारे ती आवडीने सांगत. १९२४ मध्ये पॅरिसला याच जोडीने दुहेरीचे सुवर्णपदक पुन्हा मिळविले. वल्हेकऱ्यांत तीन ऑलिंपिक सुवर्णपदके मिळविणारे केली हे पहिले.

आमच्याकडे समुद्रावर जाण्याला ‘धंद्याला जाणे’ म्हणतात. त्या अर्थाने केलींचा धंदा आता पाहू, कारण आमच्या मते त्यांच्या चरित्रातील बोधप्रद भाग पदकांनंतरचा आहे. खेळाडूचे आयुष्य तिशी-पस्तिशीत संपते. मनुष्याचे संपत नाही. ज्यांच्या घरी वाडवडिलांचे पैसे असतात त्यांची त्यानंतर सोय असते. गवंड्याची नसते. केलींनी पहिल्या ऑलिंपिकच्या सुमारासच भावांच्या आर्थिक मदतीने वीटकामाची स्वतःची कंपनी काढली होती. तिची जाहिरात अगदी सोपी होती : वीटकाम करावयाचे तर केलींना बोलवा. जो व्यवसाय केल्याबद्दल हेन्लीने त्यांना दाराशी थांबविले, तोच त्यांनी पाटीवर मोठ्या अक्षरांत लिहून लावला. मजूर म्हणून जे नाव लोकांच्या तोंडी गेले, ते ठेकेदार म्हणून चालविले. अमेरिकेच्या पूर्व भागात ही कंपनी वीटकामाच्या मोठ्या कंपन्यांपैकी एक झाली आणि केली लक्षाधीश झाले.

येथे एक गोष्ट आमच्या तरुण वाचकांच्या ध्यानात यावी अशी इच्छा आहे. सुवर्णपदकाने कोणी इमारतीचा ठेका देत नाही. केलींना भिंत ओळंब्यात आहे की नाही हे स्वतःच्या डोळ्यांनी कळत होते, विटांचा हिशेब मनात करता येत होता, मजुराला किती काम झेपते हे अंगाने ठाऊक होते. पदकामुळे दार उघडले असेल, पण आत टिकून राहिले ते हातातल्या कामामुळे. आमच्या घरांतील व्यापाराचा इतिहासही असाच आहे, फक्त तो पुरुषांचा नाही. होडी पुरुषांची, बाजार बायकांचा. मासळीचा ताजेपणा कल्ल्यावरून ओळखणे, भाव पाडू न देणे, उधारी वसूल करणे या गोष्टी आमच्या आयांनी व आज्यांनी कोणत्याही पदवीवाचून सांभाळल्या, आणि कोळीवाड्यातील पक्की घरे त्यांच्या पदरच्या पैशांनी उभी राहिली. त्यांच्यापैकी एकीचेही चरित्र आजवर स्मरणिकेत आले नाही, ही उणीव कधीतरी भरून निघावी. असो.

केलींनी राजकारणातही पाऊल टाकले. १९३५ मध्ये फिलाडेल्फियाच्या महापौरपदासाठी ते डेमोक्रॅटिक पक्षातर्फे उभे राहिले व पराभूत झाले. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अध्यक्ष रूझवेल्ट यांच्या सरकारात नागरिकांच्या शारीरिक शिक्षणाचे काम त्यांच्याकडे होते. कन्या ग्रेस केली ही नामांकित चित्रपट-अभिनेत्री, आणि १९५६ साली ती मोनॅकोच्या राजघराण्यात सून म्हणून गेली. जगातील बहुसंख्य लोक केलींना ओळखतात ते तिचे वडील म्हणून.

परंतु त्यांचे मन गुंतले होते मुलात. धाकट्या जॉनला त्यांनी लहानपणापासून वल्ह्यावर घातले, आणि त्यामागचा हेतू कोणापासून लपविला नाही. इकडे हेन्लीचा नियमही फार दिवस टिकण्यासारखा राहिला नव्हता. १९३६ मध्ये ऑस्ट्रेलियाचा आठ जणांचा संघ बर्लिन ऑलिंपिकच्या वाटेवर हेन्लीला उतरू इच्छीत होता. ते सारे पोलीस शिपाई, म्हणून त्यांनाही अडविण्यात आले. त्यावर इतका गवगवा झाला, की पुढच्याच वर्षी, १९३७ मध्ये, मजुरीसंबंधीचे कलम काढून टाकण्यात आले. १९४६ मध्ये धाकटे केली हेन्लीला गेले आणि अंतिम शर्यत हरले. १९४७ मध्ये पुन्हा गेले आणि जिंकले. आमचा देश स्वतंत्र झाला त्याच्या अगदी थोडे आधीची ही गोष्ट. सत्तावीस वर्षांपूर्वी बापाला जेथे नावदेखील घालू दिले नव्हते, तेथे मुलाचे नाव विजेत्यांच्या यादीत लिहिले गेले. १९४९ मध्ये ते आणखी एकदा लिहिले गेले.

मुलाच्या हातून बापाचे उट्टे काढण्याची ही गोष्ट आमच्या लोकांना फार आवडण्यासारखी आहे, आणि म्हणूनच थोडी भीती वाटते. त्या मुलाला स्वतःला काय हवे होते, हे कोणी विचारले असेल काय? धाकटे केली चार ऑलिंपिक खेळले. १९५६ मध्ये मेलबर्नला कांस्यपदक मिळाले, सुवर्ण कधीच नाही. बापाच्या अपमानाचे ओझे पोराच्या नावेत ठेवले की चौदा किलोंची नाव जड होते. थोरले केली २० जून १९६० रोजी वारले. स्कूलकिल नदीच्या काठी त्यांचा पुतळा आहे. तो उभा नाही, नावेत वल्ही धरून बसलेला आहे.

आता आपल्या देशाकडे वळू. इंग्रजांनी आपल्याबरोबर हा खेळ आणला. कलकत्ता रोइंग क्लब १८५८ चा, मद्रास बोट क्लब १८६७ चा. पुण्यात मुळा-मुठेच्या काठी साहेबांचा क्लब त्याच सुमारास निघाला. तेथील अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या विद्यार्थ्यांचा ‘रेगाटा’ १९२८ पासूनचा असून तो पाहण्यास पुणेकर नदीकाठी गर्दी करीत आले आहेत. म्हणजे समुद्रकाठी वल्हे मारणारी हजारो माणसे, आणि वल्ह्याचा खेळ चालला आहे डोंगराकडच्या पुण्यात. यात आश्चर्य नाही. नाव महाग, ती ठेवण्याची जागा महाग, शिकविणारा महाग. नियम करावाच लागला नाही. आम्ही स्वतः तरुणपणी, नारळी पौर्णिमेला होडी पळविण्याच्या जोरावर, एका संस्थेच्या धक्क्यावर जाऊन चौकशी केली होती. ‘तुम्ही मासेमारी करता ना? मग तुम्हांला याची काय गरज?’ असे विचारण्यात आले. विचारणारे गृहस्थ सज्जन होते, हसून बोलले, चहाही दिला. संस्थेचे नाव सांगण्याचे कारण नाही.

ज्यांनी हे दार उघडले ते सैन्य होय. २००० साली सिडनी येथे भारताचे वल्हेकरी पहिल्यांदा ऑलिंपिकमध्ये उतरले. कासम खान आणि इंदरपाल सिंग अशी ती जोडी. त्यानंतर प्रत्येक ऑलिंपिकला एक-दोन वा तीन नावे गेली. ती नावे पाहिली तर समुद्रकाठच्या वाडीपेक्षा राजस्थान, हरयाणा, पंजाब यांचीच गर्दी दिसते. वाळूत वाढलेली माणसे पाण्यावर देशाचे नाव नेत होती. महाराष्ट्राचे नाव आले २०१६ मध्ये, आणि तेही कोकणातून किंवा मुंबईतून आले नाही. ते आले नाशिक जिल्ह्यातील चांदवड तालुक्यातून. जेथे पावसाळा संपताच पाण्यासाठी पायपीट करावी लागते, त्या भागातून.

श्री. दत्तू बबन भोकनळ यांचा जन्म १९९१ साली तळेगाव रोही या गावी झाला. वडील विहिरी खणण्याच्या कामावर जात. दत्तूही त्यांच्याबरोबर दगड फोडीत, शेतांत मजुरी करीत. २०११ च्या अखेरीस वडील वारले आणि घराचा भार थोरल्या मुलावर आला. त्यांनी पेट्रोल पंपावरही काम केले. हेन्लीच्या जुन्या व्यवस्थापकांना दाखविले असते तर याहून नेमके उदाहरण त्यांना सापडले नसते. २०१२ मध्ये ते सैन्यात भरती झाले व खडकीच्या बॉम्बे सॅपर्समध्ये दाखल झाले. पुण्याला सैन्याचे वल्हेकरी तयार करण्याचे केंद्र आहे. भोकनळांची उंची व बांधा पाहून त्यांना तेथे घेण्यात आले. प्रशिक्षक कुदरत अली यांनी त्यांना घडविले. आरंभी आपल्याला पाण्याची भीती वाटे, असे भोकनळांनी मोकळेपणाने सांगितले आहे. विहिरीच्या तळाशी पाणी लागेपर्यंत खणणाऱ्याच्या मुलाला, पाण्यावर बसण्याचा प्रसंग पूर्वी आला नव्हता.

पुढची प्रगती झपाट्याची आहे. वल्हे हाती धरल्यापासून तीन वर्षांच्या आत ते राष्ट्रीय विजेते झाले. २०१५ मध्ये आशियाई अजिंक्यपद स्पर्धेत रौप्यपदक मिळाले. एप्रिल २०१६ मध्ये दक्षिण कोरियातील चुंगजू येथे ऑलिंपिकची पात्रता-शर्यत झाली, तीत दुसरे येऊन त्यांनी रिओचे तिकीट मिळविले. नौकानयनात त्या वर्षी भारतातर्फे गेलेले ते एकटेच. याच काळात आई अपघातात डोक्याला मार लागून अंथरुणाला खिळली होती. मुलगा कोठे जाऊन काय करून आला, हे तिला सांगून समजण्यासारखी स्थिती नव्हती.

रिओच्या तळ्यावर ते पहिल्या फेरीतून पुढे गेले आणि उपांत्यपूर्व फेरीत चौथे आले. पहिले तिघेच पदकाच्या वाटेवर राहतात, म्हणून ती वाट तेथे संपली. परंतु या खेळाची रीत अशी आहे, की मागे राहिलेल्यांनाही आपापला क्रमांक ठरेपर्यंत वल्हवावेच लागते. पहिल्या सहांची एक अंतिम शर्यत, सातव्यापासून बाराव्यापर्यंतची दुसरी, तेराव्यापासून अठराव्यापर्यंतची तिसरी. पदकाची आशा संपल्यावर शर्यतीला उतरणे काय असते, हे ज्यांनी रिकाम्या जाळ्याने परत येताना उद्याची तयारी केली आहे त्यांना ठाऊक आहे. भोकनळांनी ती तिसरी शर्यत ६ मिनिटे ५४.९६ सेकंदांत जिंकली व एकूण तेरावे आले. एकट्याच्या शर्यतीत ऑलिंपिकमध्ये याहून वरचा क्रमांक २०२४ च्या पॅरिसपर्यंत कोणा भारतीयास मिळाला नाही.

२०१८ च्या आशियाई क्रीडास्पर्धेत इंडोनेशियातील पालेम्बांग येथे २३ ऑगस्ट रोजी ते एकट्याच्या अंतिम शर्यतीत प्रकृती बिघडलेल्या अवस्थेत सहावे, म्हणजे सर्वांत शेवटी आले. दुसऱ्या दिवशी, २४ ऑगस्टला, सवर्ण सिंग, ओम प्रकाश आणि सुखमीत सिंग यांच्याबरोबर चौघांच्या नावेत बसून त्यांनी सुवर्णपदक मिळविले. आदल्या दिवशीच्या शर्यतीवरून पुढे वाद उत्पन्न झाला. २०१९ मध्ये महासंघाने त्यांच्यावर दोन वर्षांची बंदी घातली आणि २०२० मध्ये ती मागे घेतली. त्याच वर्षी त्यांना अर्जुन पुरस्कार मिळाला. खेळाडूच्या आयुष्यात अशी सालेही येतात. केवळ पदकांची यादी छापून आम्ही ती वगळली असती तर तो इतिहास झाला नसता.

केली आणि भोकनळ यांची तुलना करण्याचा मोह आवरत नाही. एकाने विटा रचल्या, दुसऱ्याने दगड फोडले. एकाला हातांच्या घट्ट्यांमुळे दाराबाहेर काढले. दुसऱ्याच्या वेळी तो नियम कधीच गेला होता, परंतु सैन्याचा दरवाजा नसता तर त्याला वल्हे दिसलेही नसते. केलींच्या पाठीशी भावांचे पैसे होते, भोकनळांच्या पाठीशी पलटण होती. दरमहा पगार, दोन वेळचे जेवण, नाव आणि शिक्षक. कोणाच्याही अंगातली ताकद एकट्याने पैलतीरी गेली नाही. आमच्या पोरांच्या अंगात ताकद नाही, असे कोणी म्हणणार नाही. पाण्याची भीती घालविण्यात त्यांचा एक दिवसही जाणार नाही. तरीही वल्हेकऱ्यांच्या यादीत वरळीचे नाव नाही. आता बंदरात येण्याजाण्याच्या वाटेवर पुलाचे खांब उभे राहिले. दोन खांबांतील अंतर साठाऐवजी एकशेवीस मीटर करून घेण्यासाठी आपल्या नाखव्यांना काय काय करावे लागले, ते सर्वांनी पाहिले आहे. धंदा पूर्वीसारखा राहणार नाही असे जो तो म्हणतो. मग ज्या हातांना वल्हे ओळखीचे आहे त्यांनी त्याचे दुसरे काय करावे, हा प्रश्न रिकामपणाचा नाही.

मंडळापुढे आमचे एक मागणे आहे. नाव विकत घेण्याची भाषा आम्ही करीत नाही. ती ठेवायला संथ पाणीही आपल्याकडे नाही. परंतु वल्हेकऱ्यांचा सराव जमिनीवर ज्या यंत्रावर होतो, सरकते आसन आणि ओढावयाची मूठ असलेले, तसे एक यंत्र सभागृहात आणावे. सैन्यात आणि संघांत निवड करताना मुलाने त्यावर दोन हजार मीटर किती वेळात काढले हे पाहतात. उंच, लांब हातांची दहा-बारा मुलेमुली आपल्या गल्ल्यांतून सहज निघतील. त्यांचे आकडे एका वहीत लिहून ठेवावेत, आणि वर्षाकाठी ती वही घेऊन कोणीतरी पुण्याला जाऊन यावे. जाण्यास आम्ही तयार आहोत. जागेची अडचण सांगितली जाईल, म्हणून आधीच लिहितो : यंत्राला लांबी सुमारे अडीच मीटर लागते. सभागृहाच्या मागच्या खोलीतील मोडक्या खुर्च्या हलविल्या तर तेवढी जागा निघते. आम्ही टेप लावून पाहिली आहे.